डब्याच्या आतलं

कोपरखैरणे,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. निशांतराव यांस,

सप्रेम जयभीम. इकडे आम्ही मजेत आहोत. तुमच्या सासूबाईंचा गुडघा थंडीने कुरकुरतोय, सोसायटीची लिफ्ट परवापासून बंद आहे आणि सेक्रेटरी अभयराव रोज खाली उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला "पार्ट मागवलाय" एवढंच सांगतात. रंजिताची तब्येत उत्तम. ती इथे येऊन आज बारा दिवस झाले. पुण्यात तुमचंही ठीक चाललं असेल असं धरून चालतो. विचारणार कोणाला? ती तुमचं नाव काढत नाही आणि तुम्ही फोन करत नाही.

तुमचा मेसेज मिळाला. "पप्पा, माझ्यामुळे संघप्रियाला केटी लागली. सॉरी. मेमधल्या पेपरसाठी चांगला नॉन-प्रोग्रॅमेबल सायंटिफिक कॅल्क्युलेटर कोणता, ते सांगा. लगेच ऑर्डर करतो."

तीनदा वाचला. लग्नाला तीन वर्षं झाली, त्यात जावयाने मला विचारलेला हा पहिला प्रश्न. याआधी तुम्ही मला फक्त सांगत आलात. म्युच्युअल फंड कसा निवडावा, स्कूटरच्या चाकात हवा किती असावी, चहातली साखर किती वाईट. मी मान डोलावत आलो आणि तिसरा चमचा घालत आलो. म्हणून या प्रश्नाचं उत्तर फोनवर द्यायचं नाही असं ठरवलं. फोनवर मी गोड बोलतो. सव्वीस वर्षं स्टेशनरीच्या काउंटरमागे उभं राहून जिभेला ते वळणच पडलंय. कागदावर तेवढं गोड होता येत नाही.

तर कॅल्क्युलेटर.

डब्यावर छापलेला आकडा वाचायचा नाही. दर जूनला माझ्याकडे बाप लोक येतात, पोराला बाजूला सारून पुढे होतात आणि म्हणतात, "शेठ, हा चारशे फंक्शनचा आहे ना, मग याच्या वरचा दाखवा." जशी काय फंक्शनं किलोवर मिळतात. त्यांना मी विचारतो, "साहेब, चारशेपैकी दहा नावं सांगा." साहेब चष्मा पुसतात. पोरगं गालात हसतं. त्या पोराला चार वर्षांत वीस-पंचवीस बटणं लागतात, बाकीची बापाच्या समाधानासाठी. आता तर यूट्यूबवर एक दाढीवाला आलाय. मोबाईलसारखं कॅल्क्युलेटरचं पण 'अनबॉक्सिंग' करतो. डबा उघडायलाच नऊ मिनिटं. शेवटी म्हणतो, "फील प्रीमियम आहे." फील! अरे, त्याच्यावर साइन तीस दाबून दाखव ना. अर्धा आला पाहिजे. उणे शून्य पॉइंट नऊ-आठ-आठ आलं की समजायचं, यंत्र डिग्रीत नाही, रेडियनमध्ये आहे आणि दाढीवाल्याला दोन्हींतला फरक माहीत नाही. परीक्षेत निम्मी पोरं याच एका कारणाने बुडतात. स्क्रीनच्या वर बारीक 'डी' असतो, तो बघायला कोणी शिकवत नाही.

ऑर्डर वगैरे करायचं नाही. हातात घ्यायचं. बाजारात नकली माल इतका आलाय, की डबा, होलोग्राम, वॉरंटी कार्ड सगळं खऱ्यापेक्षा चकचकीत. खऱ्या-खोट्याचं मी डोळ्यांनी बघतच नाही, कानाशी धरतो. चांगल्या यंत्राचं बटण दाबलं की एकच आवाज येतो, बंद आणि छोटा. नकलीचं बटण दोनदा वाजतं, जाताना आणि येताना. तुम्ही हसाल. तळोज्याला केमिकल कंपनीत मी चार वर्षं ड्रम लोटत होतो, तेव्हा मिक्सरचं बेअरिंग कधी जाणार हे इंजिनियरच्या आधी मला कळायचं, ते असंच. इंजिनियर मीटर लावून बसायचा. मी दहावी पास, माजलगावकडचा. मी म्हणायचो, "साहेब, मंगळवारपर्यंत टिकंल." साहेब मीटर दाखवायचे. मंगळवारी मिक्सर बंद पडायचा आणि साहेब माझ्याकडे असे बघायचे, जसं काय मीच तो बिघडवला.

आपली धाकटी संघप्रिया सिव्हिल इंजिनियरिंगला आहे. तिचा जो पेपर राहिला तो सर्व्हेचा. तिथे सगळे कोन अंश, मिनिटं, सेकंद असे येतात. म्हणून त्याचं वेगळं बटण असलेलंच यंत्र घ्यायचं, आणि ते बटण वरच हवं, शिफ्टच्या खाली लपलेलं नको. पेपरात ते दोनशेदा दाबावं लागतं, दरवेळी शिफ्ट शोधत बसलं की पंधरा मिनिटं तिथेच गेली. गणित जसं वहीत लिहितो तसंच स्क्रीनवर दिसावं, अपूर्णांक अपूर्णांकासारखा. मागचं गणित बाणाने परत आणता यावं. सेल आणि सोलर दोन्ही असावं. सरकवायचं कडक झाकण असावं, पिशवीत पडलं तरी बटणं दबणार नाहीत असं. झालं. एवढंच लागतं. आणि एवढं असलेलं यंत्र जेवढ्याला मिळतं, तेवढ्यात तुम्ही लोक हिंजवडीत दोघांची कॉफी पिता.

तुम्ही तिच्या वाढदिवसाला दिलेलं ते रंगीत स्क्रीनचं यंत्र अजून कपाटावर आहे. आलेख काढतं, सूत्रं साठवतं, प्रोग्रॅम घेतं, वायर लावून चार्ज करावं लागतं. निशांतराव, ज्याला रोज चारावं लागतं तो कॅल्क्युलेटर नव्हे, ते जनावर आहे. आणि तिचा जुना, चालता कॅल्क्युलेटर तिने त्याच आठवड्यात ज्युनियरला देऊन टाकला. का? तर "जिजूंनी दिलेला आहे ना आता."

पेपरात काय झालं ते तुम्हाला रंजिताने सांगितलंय, पण रंजिता रागात सांगते, म्हणून नीट सांगतो. नोव्हेंबरातली गोष्ट. साडेदहाला पेपर सुरू झाला. दहा मिनिटांनी सुपरवायझर मॅडम बाकाबाकावरून फिरत आल्या.

"हे काय गं? ग्राफवालं? प्रोग्रॅमेबल आहे. जमा कर."

"मॅडम, याच्यात एक्झाम मोड असतो. तो ऑन केला की—"

"कसला मोड? हॉल तिकिटाच्या मागे वाच. नॉन-प्रोग्रॅमेबल लिहिलंय. जमा कर."

"मग मॅडम, दुसरा?"

"शेजारच्याचा घेता येणार नाही. तुझं तू बघ."

तिने बघितलं. कोनांच्या बेरजा-वजाबाक्या हाताने केल्या. साइन-कोसाइन जिथे आले तिथे जागा सोडली. ऐंशीपैकी सत्तावीस. पास व्हायला बत्तीस लागतात. कॅल्क्युलेटरशिवाय त्या पेपरात सत्तावीस पाडणारी पोरगी, तुमच्या ऑफिसात तरी असेल का, मला शंका आहे.

तो एक्झाम मोड खोटा नाही, साठवलेलं सगळं त्याने बंद होतं, मला ठाऊक आहे. परदेशात चालत असेल. पण आपल्याकडच्या मॅडमला मोड दिसत नाही, स्क्रीन दिसते. हे तुमच्यासारख्या हुशार माणसाच्या लक्षात कसं येणार? त्यासाठी दरवर्षी पेपरच्या सकाळी गेटवरून परत पाठवलेली पोरं धापा टाकत दुकानात आलेली बघावी लागतात. कॉलेज माझ्यापासून पाच मिनिटांवर आहे. सव्वीस वर्षं मी प्रत्येकाला सांगत आलोय, "बाळा, हे आत चालणार नाही." ओळखीचा असो, नसो.

तिने पेपरच्या आदल्या दिवशी ते यंत्र दुकानात आणलं होतं. पण तेव्हा गर्दी होती, माझं नीट लक्ष गेलं नाही.

निकाल लागला त्या दिवशी रंजिता तुमच्याशी भांडून इथे आली. जेवताना मला म्हणाली, "पप्पा, त्याला अक्कल नाही, पण तुम्ही तरी बघायचं ना! दुकान कशाचं आहे आपलं?"

मी म्हणालो, "अगं, गर्दी होती."

तुमच्या सासूबाई पोळी वाढत होत्या. त्या म्हणाल्या, "नोव्हेंबरात? गर्दी?" आणि पुढची पोळी वाढली. शर्मिला माझ्यासारखी बडबडी नाही, निशांतराव. एवढं बोलली म्हणजे खूप बोलली.

गर्दी नव्हती. दुपारचे तीन वाजले होते. मी एकटाच होतो, पेनांच्या रिफिली लावत होतो.

आता हे लिहिलंच आहे तर मागून सांगतो. ऑक्टोबरात तिच्या वाढदिवसाला तुम्ही घरी आलात, केक कापला, मी आत पाणी आणायला गेलो. तुम्ही दोघं गॅलरीत होता. ती म्हणाली, "जिजू, मी पप्पांना एकदा दाखवून घेते हं." तुम्ही हसून म्हणालात, "पप्पा डबे विकतात गं. आतलं मला कळतं." ती पण हसली. जिजूंच्या विनोदाला हसावं लागतं, म्हणून असेल.

मध्ये स्वयंपाकघर, फ्रिजचा आवाज, टीव्ही चालू. तरी ऐकलं. तुमच्या सासूबाई मला म्हणतात, कानांना एक दिवस सुट्टी द्या. मी पाणी घेऊन आलो, तुम्हाला दिलं, वर म्हणालो, "निशांतराव, केक घ्या ना अजून."

डबे विकतो, बरोबर आहे. बेलापूरला सरकारी ऑफिसांच्या बाहेर टेबल टाकून लेजर पेपर आणि पेनं विकली, तेव्हाही विकतच होतो. पण आतलं मला कसं कळतं हे तुम्ही कधी विचारलं नाही. तो एक केटीवाला डिप्लोमाचा पोरगा होता. दोन वर्षं रोज दुपारी दुकानाच्या पायरीवर बसून अभ्यास करायचा, त्याच्याकडून शिकलो मी साइन, कॉस, लॉग. त्याला चहा, मला गणित. आज माझ्याकडे येणारी निम्मी पोरं यंत्र कॉलेजात शिकत नाहीत, माझ्या काउंटरवर शिकतात. हे मी तुम्हाला तीन वर्षांत सांगितलं नाही. तुम्ही विचाराल म्हणून थांबलो होतो.

तर ती आली. यंत्र माझ्या हातात दिलं. "पप्पा, जिजू म्हणतात एक्झाम मोड आहे. चालेल ना उद्या?"

मी बघितलंसुद्धा नाही. बघायची गरजच नव्हती, ऑक्टोबरपासून माहीत होतं. मी म्हणालो, "जिजू इंजिनियर आहेत बाई. आपण काय, डबे विकतो."

तिच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थांबलं. मी ऐकलं होतं, हे तिला तेव्हाच कळलं. मग ती दुसऱ्यांदा कशी विचारणार? यंत्र पिशवीत टाकून गेली.

आता तुम्ही म्हणाल, बाप आहे की कोण. थांबा, बाप कसा आहे ते पुढेच आहे. ती गेल्यावर मी शटर अर्ध्यावर ओढलं आणि कॅल्क्युलेटरचे अकरा डबे फोडले. एकेक यंत्र कानाशी धरून, एकेक बटण दाबून, त्यातलं एक निवडलं. सकाळी ते शर्टाच्या खिशात घातलं आणि दहा वाजता कॉलेजच्या गेटवर जाऊन उभा राहिलो. दरवर्षी तपासणी गेटवर होते. माझा हिशेब असा, की तिला अडवतील, ती रडवेली होईल, मी गर्दीतून पुढे होईन, खिशातून काढीन आणि म्हणेन, "घे. डबेवाल्याकडचा आहे." तिला पेपरही देता येईल आणि तुम्हाला ते आयुष्यभर ऐकवताही येईल. वाक्य मी रस्त्यात दोनदा म्हणूनही बघितलं. स्कूटरवर. एकटाच.

ती माझ्यासमोरून आत गेली. मी पानटपरीच्या आड होतो. गेटवर कोणी तिची पिशवी उघडली नाही. साडेदहा वाजले, गेट बंद झालं. वॉचमन कोंडिबा ओळखीचा.

त्याला विचारलं, "काय रे, आज कोणाला परत नाही पाठवलं?"

"यंदा चेकिंग आत वर्गात हाय, शेठ. नवीन सिस्टीम."

"माझी पोरगी आत आहे. हे जरा पोचव ना वर्गात."

"पेपर सुरू झाला. आता पेनबी आत जात नाय."

मी एकदाच विचारलं, निशांतराव. वर ऑफिसात जाता आलं असतं. प्रिन्सिपल माझ्याकडून खडू-डस्टर घेतात, त्यांनी ऐकलं असतं. पण त्यांनी विचारलं असतं, "जोगदंड, तुम्हाला कसं कळलं, की तिचं चालणार नाही?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं. दीड वाजेपर्यंत तिथेच उभा राहिलो. खिशात ते होतंच.

ती बाहेर आली, मला बघून तिला आश्चर्य वाटलं नाही, रडायलाच लागली. पहिलं वाक्य काय म्हणाली माहीत आहे? "पप्पा, जिजूंना सांगू नका हं. त्यांना वाईट वाटेल." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. दुसरा हात खिशावर ठेवला, तिला दिसू नये म्हणून.

त्यानंतर तीन महिने मी तुम्हाला शिव्या ऐकू दिल्या. रंजिता पुण्याहून फोनवर तिच्या आईजवळ तुम्हाला काय काय बोलायची ते मला पलीकडच्या खोलीतून ऐकू यायचं. एकदाही उठून फोन हातात घेतला नाही. तुम्ही सगळं स्वतःवर घेतलंत, कुठेही म्हणाला नाहीत, की तिने वडिलांना विचारायला हवं होतं. मी वाट बघत होतो तुम्ही तसं म्हणण्याची. म्हणाला असता तर मला तुमची कीव करत राहता आली असती. तुम्ही उलट माझ्याकडे मॉडेल विचारलंत.

तळोज्याच्या त्या साहेबांची आठवण येते. ते माझ्याकडे संशयाने बघायचे तेव्हा मला राग यायचा, की मी तर आधीच सांगितलं होतं. सांगितलं होतं हे खरं आहे. कुठल्याही मिक्सरला मी मुद्दाम बंद पडू दिलेलं नाही. ते मी फक्त माझ्या पोरीच्या बाबतीत केलं.

तुमचं ते वाक्य मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही. ते फालतूच होतं. पण त्या वाक्यापायी मी जे केलं, त्याला काय म्हणतात ते मी लिहीत नाही. तुम्हाला इंग्रजी येतं, तुम्हीच शोधा शब्द.

आता दुकान उघडायची वेळ झाली. पत्र अजून बंद करत नाही. आधी तिला सांगितलं पाहिजे. तिच्याआधी तुम्हाला कळणं बरं नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

सांगितलं. सकाळी ती कॉलेजला निघाली तेव्हा दुकानात बोलावून घेतलं. सगळं सांगितलं, गॅलरीपासून पानटपरीपर्यंत. मी बोलत असताना ती रिफिलींचा डबा सरळ करत होती. मला वाटलं होतं रडेल किंवा ओरडेल, त्याची तयारी होती.

"दीड वाजेपर्यंत उभे होता?"

"हो."

"मी आत कोसाइनला जागा सोडत होते तेव्हा?"

"हो."

"कुठाय तो?"

मी ड्रॉवरमधून काढून दिला. तिने झाकण सरकवलं. कानाशी धरला, अगदी माझ्यासारखा, आणि बटण दाबलं. एकदा, दोनदा. साइन तीस. अर्धा. "चांगला आहे," म्हणाली. मग झाकण परत लावलं आणि काउंटरवर माझ्या बाजूला सरकवला.

"मला नको तुमच्याकडून. जिजूंना बोलवा. घरी नाही, इथे. त्यांना निवडू दे, तुम्ही फक्त डबे काढून द्या. आणि पप्पा, ते चुकीचा उचलतील ना, तर या वेळी बोला."

एवढं बोलून गेली. संध्याकाळी घरी आली, जेवली, माझ्याशी अजून बोललेली नाही.

हे पत्र मी पोस्टात टाकणार होतो. पण आज दुपारी रंजिताने मागितलं, "कोणाला एवढं लिहिताय दोन दिवस?" म्हणून. तिने उभ्यानेच वाचलं. मग कपाटावरून बॅग काढली. ती उद्या सकाळच्या गाडीने तुमच्याकडे येते आहे आणि हे तीच घेऊन येईल. तुमच्याकडे परत येते आहे की माझ्यापासून निघते आहे, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. तुम्ही विचारू नका. नुसतं दार उघडा.

रविवारी, सोळा तारखेला, या. अकरा वाजता. त्या दिवशी मी दुसरं गिऱ्हाईक घेणार नाही. अकराच्या अकरा डबे काउंटरवर मांडून ठेवतो. त्यातले दोन नकली आहेत, परत करायचे राहिलेत. मुद्दाम काढणार नाही. तुम्ही कुठलाही उचला. मी बोलणार आहे.

सासरा म्हणून सही करावीशी वाटत नाही.

ज्याला माहीत होतं तो,
अंकुश सिताराम जोगदंड